अंगणातले कासव

मुलांनो, उर्दूत आपण ज्याला कछुआ म्हणतो, त्याला मराठीत कासव म्हणतात. जमिनीवर राहणारे असो की पाण्यात राहणारे, दोन्ही भाषांत शब्द एकच. त्यामुळे थोडा घोटाळा होतो. सशाशी शर्यत लावणारे संथ कासव आपल्या मनात पक्के बसलेले असते. पण पाण्यातले कासव उन्हात तापले की किती झपाट्याने पळते, हे त्याला अंगणात सोडल्यावरच कळते!

लोहाऱ्यातील माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी काचेच्या पेटीत असे एक कासव होते. त्याच्या डोळ्यांमागे लाल पट्टा होता. ही जात मूळची अमेरिकेतील. विकत आणले तेव्हा ते रुपयाच्या नाण्याहून थोडेसेच मोठे होते. वर्षभराने त्याची पाठ मऊ पडली. बोटाने दाबली की ती दबू लागली. मुलगा घाबरला. खाणे तर रोज वेळेवर मिळत होते!

जनावरांच्या डॉक्टरांनी विचारले, "याला ऊन मिळते का?" पेटी खिडकीजवळच होती. पण काचेतून उजेड येतो. शरीरात 'ड' जीवनसत्त्व तयार करणारे किरण मात्र काच अडवते. हे जीवनसत्त्व नसेल, तर खाण्यातले कॅल्शियम अंगी लागत नाही आणि कवच ठिसूळ किंवा मऊ होते. तलावातली कासवे दगडावर चढून तासन्‌तास ऊन खातात, ती उगीच नव्हे.

मग कासव रोज अंगणात येऊ लागले. एकदा मे महिन्यात मुलाने त्याला भर दुपारी सोडले आणि तो आत गेला. आपल्याकडचे ते ऊन तुम्हांला ठाऊकच आहे. कासवाला घाम येत नाही. आजूबाजूची हवा तापली की त्याचे शरीरही तापते. सावली किंवा पाणी मिळाले नाही, तर थोड्याच वेळात त्याचा जीव जातो. मुलगा परत आला, तेव्हा अंगण रिकामे! घरातली सारी माणसे शोधू लागली. संध्याकाळी ते रांजणाखालच्या ओल्या मातीत सापडले. त्या दिवसापासून फिरण्याची वेळ सकाळची ठरली. जवळ पाण्याची परात, बाजूला सावली आणि कावळ्या-कुत्र्यांवर नजर ठेवायला एक माणूस. कासवाला हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे, हेही ठरले. कासवाच्या अंगावर रोगजंतू असू शकतात. त्यामुळे लहान मुले आजारी पडत, म्हणून अमेरिकेत 1975 साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आली.

शेजारी म्हणाले, "एवढा खटाटोप कशाला? तलावात सोडून द्या." पण ही परदेशी कासवे आपल्या कासवांचे अन्न आणि उन्हाच्या जागा बळकावतात. 2018 साली गुवाहाटीत एका मंदिराच्या तळ्यातही ती आढळली होती. पावसाळ्यात शेतात दिसते ते आपले देशी कासव मात्र मुळीच घरी आणू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

त्या कासवाची पाठ हळूहळू पुन्हा टणक झाली. आता ते वीतभर लांब झाले आहे आणि पेटी सोडून अंगणातल्या सिमेंटच्या टाकीत राहते. अशी कासवे वीस-तीस वर्षे जगतात. विद्यार्थी यंदा दहावीला आहे. पुढे तो शिकायला बाहेरगावी गेला, तर सकाळी अंगणात कोण बसणार, यावर त्याच्या घरात सध्या बोलणे चालू आहे.