४.३ अल्प खर्चातील व्यावसायिक माहितीपत्रक

मागील विभागात आपण वृत्तपत्रीय जाहिरातीचा विचार केला. जाहिरात नजरेसमोरून निघून जाते. माहितीपत्रक मात्र वाचकाच्या हाती राहते, घरी जाते आणि गरजेच्या वेळी पुन्हा उघडले जाते. त्यामुळे त्याच्या भाषेवरची जबाबदारी अधिक असते. आपल्यापैकी काहींचे स्वतःचे छोटे व्यवसाय आहेत, काहीजणी बचत गटात काम करतात. त्यांच्यासाठी हा विभाग केवळ परीक्षेपुरता नाही.

आरंभी एक जवळचे उदाहरण पाहू. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा तो माळ औंध संस्थानात होता. आज औंध सातारा जिल्ह्यात आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात आहे. त्यांच्यासमोरची अडचण केवळ नांगर घडवण्याची नव्हती. लोखंडी नांगराने जमिनीत विष उतरते, अशी समजूत शेतकऱ्यांमध्ये होती. 'उत्तम नांगर' एवढे म्हटल्याने ही शंका फिटणारी नव्हती. पुढे १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. कारखान्याची खबर देणारे हे पत्र कालांतराने 'किर्लोस्कर' या नामवंत मासिकात रूपांतरित झाले. व्यवसायाचे लेखन वाचनीय असू शकते, याचा मराठीतील हा ठळक पुरावा होय. आपल्याला त्यातून घ्यायचे ते इतकेच, की लिहिण्यापूर्वी ग्राहकाच्या मनातील पहिली शंका शोधावी.

आता सांगलीतील हळद पावडरच्या एका छोट्या व्यवसायाची कल्पना करा. बहुतेक मसुदे असे असतात : 'आमच्याकडे उत्कृष्ट, दर्जेदार व खात्रीशीर हळद पावडर योग्य दरात मिळेल.' या वाक्यातील चारही विशेषणे शेजारच्या दुकानाला तशीच लागू पडतात. म्हणजे त्यांनी जागा घेतली, माहिती दिली नाही. त्याऐवजी असे लिहून पाहा : 'आम्ही राजापुरी हळकुंडे निवडून घेतो आणि मागणीप्रमाणे दळतो. दळल्याची तारीख पाकिटावर असते. पाव किलोपासून मिळते.' येथे वाक्याचा भार क्रियापदांनी आणि परिमाणांनी उचलला आहे. भेसळीची शंका तारखेने सौम्य होते, 'शुद्ध' या शब्दाने नव्हे.

अर्थात जे लिहायचे ते खरे असले पाहिजे. 'सांगली हळद' या नावाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी नसताना मानांकनाचे चिन्ह छापणे, किंवा बाहेरून आणलेल्या मालाला हे नाव देणे, हा शैलीचा नव्हे तर कायद्याचा प्रश्न होतो.

खर्चाकडे वळू. ए-चार आकाराच्या कागदाला दोन घड्या घातल्या की सहा पाने मिळतात. कागदाची लांबी २९७ मिलिमीटर असते. तिचे तीन समान भाग न करता १००, १०० आणि ९७ असे करावेत, कारण आत दुमडणारे पान किंचित अरुंद नसेल तर घडी फुगते. ऑफसेट छपाईत प्लेट आणि जुळणीचा खर्च प्रती कितीही काढल्या तरी तेवढाच राहतो. समजा, तो १,५०० रुपये आहे : ५०० प्रतींना तो प्रतीमागे तीन रुपये पडतो, २,००० प्रतींना केवळ ७५ पैसे. हे गणित मोहात पाडते. परंतु हळदीचा भाव बदलतो, आणि छापलेला दर जुना झाला की उरलेला गठ्ठा रद्दीत जातो. म्हणून दर स्वतंत्र चिठ्ठीवर द्यावेत. शंभर-दीडशे प्रतीच हव्या असतील तर डिजिटल छपाई बरी, तिला प्लेट लागत नाही. चार रंग परवडत नसल्यास फिकट रंगीत कागदावर एकाच शाईत छापावे. फिकट पडलेल्या छायाचित्रांपेक्षा ते अधिक नेटके दिसते, असे माझे मत आहे.

येथे माझीच एक चूक सांगतो. साताऱ्यातील एका नातलगांच्या मसाल्यांसाठी मी मजकूर लिहून दिला होता. 'भेसळरहित मसाले' हा सामासिक शब्द एकत्र लिहायचा, हे वर्गात शिकवणाऱ्या मी हस्तलिखितात 'भेसळ रहित' असे तोडून लिहिले. शीर्षक मोठ्या अक्षरांत दोन पानांवर पसरले होते. कच्ची प्रत मी सपाट कागदावर तपासली आणि संमती दिली. पाचशे प्रती छापून घडी घातल्यावर मुखपृष्ठावर उरले 'रहित मसाले', आणि मलपृष्ठावर एकच ठसठशीत शब्द : 'भेसळ'. नातलग काही बोलले नाहीत. त्याचेच अधिक वाईट वाटले.

तेव्हा कच्ची प्रत घडी घालूनच तपासावी. दूरध्वनी क्रमांक कागदावर वाचून पाहणे पुरेसे नाही, तो प्रत्यक्ष लावून पाहावा. मजकूर युनिकोडमध्ये टंकलिखित करून दिला असेल आणि मुद्रणालय जुन्या पद्धतीचा फॉन्ट वापरत असेल, तर रूपांतरात जोडाक्षरे बिघडतात. 'सुऱ्या', 'दर्या' यांसारखे शब्द, रफार आणि पाऊण य यांवर विशेष नजर ठेवावी. मुद्रितशोधनाचे काम स्वतः लिहिणाऱ्याने एकट्याने करू नये. त्याला कागदावरचे नव्हे, मनातले वाक्य दिसते.

स्वयं-अध्ययन : आपल्या परिसरातील एखाद्या व्यवसायाचे छापील माहितीपत्रक मिळवा. कोणत्याही दुकानाला लागू पडतील अशी त्यातील विशेषणे खोडा आणि उरलेल्या मजकुरातून ग्राहकाच्या कोणत्या शंकेचे उत्तर मिळते ते नोंदवा. त्यानंतर त्याच व्यवसायासाठी सहा पानांचा १५० शब्दांचा मसुदा तयार करून, कोऱ्या कागदाला घड्या घालून त्यावर हाताने लिहा आणि संपर्क सत्राला येताना तो सोबत आणा.