दोरीची दोन टोके

ही हकीकत १९६२ सालच्या ऑक्टोबर महिन्यातली आहे. त्या वेळी तेरा दिवस सारे जग जीव मुठीत धरून बसले होते.

त्या काळी जगात दोन देश सर्वांत बलाढ्य होते. एक अमेरिका आणि दुसरा सोव्हिएत रशिया. दुसऱ्या महायुद्धात हे दोघे एकाच बाजूने लढले. १९४५ साली युद्ध संपले आणि दोघांचे बिनसले. समोरासमोर लढाई नव्हती. पण दोघेही अणुबाँब साठवू लागले. अशा वैराला शीतयुद्ध म्हणतात.

अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १४५ किलोमीटरवर क्यूबा नावाचे बेट आहे. १९५९ साली तिथे फिडेल कॅस्ट्रो यांनी जुनी राजवट उलथून टाकली. अमेरिकेला हे रुचले नाही. १९६१ साली अमेरिकेच्या मदतीने काही क्यूबन लोकांनी बेटावर चाल केली. ती फसली. मग कॅस्ट्रो रशियाकडे आणखी झुकले. रशियाचे पंतप्रधान ख्रुश्चेव यांनी क्यूबात गुपचूप क्षेपणास्त्रे नेऊन ठेवली. तिकडे अमेरिकेचीही अशीच क्षेपणास्त्रे रशियाच्या शेजारी तुर्कस्तानात होती. म्हणजे दोघांच्याही उंबरठ्याशी दुसऱ्याची हत्यारे!

१४ ऑक्टोबरला अमेरिकेच्या विमानाने क्यूबाचे फोटो काढले. १६ तारखेला ते अध्यक्ष केनेडी यांच्यापुढे आले. ताबडतोब बाँबहल्ला करा, असे काही सल्लागारांचे म्हणणे पडले. केनेडींनी तसे केले नाही. त्यांनी आरमाराला क्यूबाची नाकेबंदी करायला सांगितले. २४ तारखेला ती सुरू झाली. रशियाची काही जहाजे वाटेतच थांबली, काही माघारी फिरली. पण क्षेपणास्त्रे बेटावर होतीच. आता पुढं काय?

संयुक्त राष्ट्रांचे काम तेव्हा ब्रह्मदेशाचे ऊ थांट पाहत होते. पूर्वी ते शाळेत शिक्षक होते. थोडे थांबा आणि बोला, असे त्यांनी दोघांनाही कळवले.

२६ तारखेला ख्रुश्चेव यांनी केनेडींना लांबलचक पत्र लिहिले. आपण दोघे गाठ पडलेल्या दोरीची टोके ओढत बसलो, तर गाठ आणखी घट्ट होईल, असे त्यात होते. क्यूबावर हल्ला करणार नाही असे वचन द्या, मग तिथे आमच्या शस्त्रांची गरज उरणार नाही, असेही त्यांनी सुचवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी एक अट घातली. तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रे काढा. त्याच दिवशी क्यूबावर अमेरिकेचे एक विमान पाडले गेले आणि वैमानिक ठार झाला. युद्ध अगदी दाराशी आले.

त्या रात्री केनेडींचे भाऊ रॉबर्ट रशियाचे राजदूत दोब्रीनिन यांना भेटले. राजदूत म्हणजे परक्या दरबारी राहणारा आपला वकील. हल्ला न करण्याचे वचन उघडपणे मिळाले. तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रे काही महिन्यांनी काढू, पण त्याची वाच्यता नको, असे खाजगीत ठरले. २८ तारखेला ख्रुश्चेव यांनी माघार जाहीर केली. तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रे १९६३ च्या एप्रिलमध्ये निघाली.

बघा, दोघांनीही एकेक पाऊल मागे घेतले. समोरच्याला मान राखून मागे फिरता येईल, एवढी वाट दोघांनी ठेवली. म्हणून गाठ सैल झाली. मात्र ज्यांच्या भूमीवर हा खेळ चालला, त्या कॅस्ट्रोंना शेवटी कोणी विचारले नाही. ते फार संतापले. मोठ्यांच्या भांडणात लहानांचे असे होते.

आणखी एक गोष्ट. तेव्हा निरोप पोचायला कित्येक तास लागत. दोब्रीनिन यांची तार न्यायला तार-कंपनीचा पोरगा सायकलवरून येई! तो वाटेत रेंगाळला तर? म्हणून १९६३ च्या जूनमध्ये दोन्ही राजधान्या थेट तारयंत्राने जोडायचे ठरले. ऑगस्टमध्ये हवेत, पाण्याखाली आणि अवकाशात अणुस्फोटांच्या चाचण्या न करण्याचा करारही झाला.

शब्दांचे अर्थ
क्षेपणास्त्र – दूरवर जाऊन पडणारे अस्त्र
नाकेबंदी – येण्याजाण्याची वाट अडवणे
वाच्यता – बोलून दाखवणे

प्रश्न
१. ख्रुश्चेव यांनी दोरीचे उदाहरण का दिले?
२. कोणती गोष्ट उघडपणे ठरली? कोणती खाजगीत?
३. कॅस्ट्रोंना राग का आला? तो योग्य होता का? आपसांत चर्चा करा.