सुयांनी थायरॉईडची गोळी सुटेल का?

प्रश्न : पत्नीला हाशिमोटो थायरॉईड आहे. ॲक्युपंक्चर केलं तर गोळी बंद होईल का? – एक वाचक, आरमोरी (जि. गडचिरोली)

उत्तर : नाही. हाशिमोटोत शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईड ग्रंथीवर उलटते. सुयांनी ती ग्रंथी पूर्ववत होते, याला भक्कम पुरावा नाही. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरचा कायदा २०१५चा आहे, पण कायद्याची मान्यता म्हणजे हर आजाराला गुण नव्हे. अंगदुखीसाठी घ्यायचंच तर नोंदणीकृत उपचारकाकडे, नव्या सुयांचं पाकीट समोर फोडायला लावून.

थायरॉईडची गोळी, म्हणजे थायरॉक्सिन, सकाळी अनशापोटी, नुसत्या पाण्यासोबत, चहा तासाभराने. आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी चार तासांनी. पुष्कळ बायका दोन्ही एकदमच गिळतात, मग रक्तातला टीएसएच (थायरॉईड-उत्तेजक संप्रेरक) चढला की बोल औषधाला! डोस बदलल्यावर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच तपासा. दिवस राहिले तर लगेच डॉक्टरांना गाठा. गोळी मनाने थांबवू नका.