चाळीस हजार पत्ते आणि एक नाव

चि. सोनू,


प्रकाशनसंस्थेत दिवाळी अंकाच्या ईमेलचं काम तुझ्याकडे आलं, हे तुझ्या बाबांकडून कळलं. बरं वाटलं. दसऱ्याच्या एका दिवसात चाळीस हजार पत्त्यांवर अंकाची जाहिरात पाठवायची, असं तुमच्याकडे ठरतंय म्हणे. इतकी वर्षं मेल सर्व्हर सांभाळले आहेत, म्हणून हक्काने सांगते: हे होऊ देऊ नकोस. मेल निघतील, पण बरेचसे स्पॅममध्ये पडतील. मग पैसे भरलेल्या वर्गणीदाराची पावतीसुद्धा त्याच वाटेने जायला लागेल.

ईमेल पाठवणाऱ्याला पत लागते. ती तुमच्या डोमेनच्या नावावर आणि ज्या आयपी पत्त्यावरून मेल निघतो त्याच्यावर साठते. जीमेल, याहू, आउटलुक प्रत्येक जण तिचा हिशेब स्वतंत्र ठेवतो. हिशेबातल्या नोंदी मात्र वाचकच करत असतो. मेल उघडला, उत्तर दिलं, स्पॅममधून बाहेर काढला की पत वाढते; न वाचता स्पॅमचं बटण दाबलं की उतरते.

हे सगळं का आलं, तेही समजून घे. १९८२ साली एसएमटीपीचे, म्हणजे मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्याकडे पाठवण्याचे, नियम लिहिले गेले तेव्हा पाठवणारा खरा कोण, हे तपासायची सोय त्यांत नव्हती. कुणीही कुणाच्याही नावाने मेल धाडू शकत होता. त्याच्याही आधी, ३ मे १९७८ रोजी, गॅरी थ्युर्क या संगणक कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याने इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या जाळ्यावरच्या सुमारे चारशे जणांना न विचारता जाहिरात पाठवली आणि लोक चिडले. तेव्हापासून मेल घेणाऱ्या सर्व्हरचे प्रश्न दोनच आहेत: हा म्हणतो तोच आहे का, आणि याला कुणी बोलावलं होतं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका दुपारचं काम आहे. एसपीएफ म्हणजे तुमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कोणत्या सर्व्हरना आहे, त्याची डीएनएसमधली यादी. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवरची डिजिटल सही. डीमार्क सांगतो की या तपासण्यांत मेल नापास झाला तर त्याचं काय करायचं. त्याचं धोरण आधी 'नन' ठेव, रोजचे अहवाल वाच, आणि आपले सगळे मेल नीट जातात असं दिसलं की 'क्वारंटाइन' आणि शेवटी 'रिजेक्ट'वर ने. खात्री करायची तर स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठव, वरच्या तीन ठिपक्यांतून 'शो ओरिजिनल' उघड. तिथे तिन्ही नावांपुढे 'पास' हवं. शिवाय सही तुमच्याच डोमेनची आहे ना, तेही बघ; मेल पाठवणाऱ्या सेवेची सही एकटी पुरत नाही.

फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहूने घाऊक मेलसाठी ही तिन्ही सक्तीची केली. गूगलच्या लेखी दिवसाला जीमेलच्या खात्यांवर ५,००० किंवा जास्त मेल पाठवणारा घाऊक ठरतो. तुम्ही त्यात नक्की येता.

दुसरा प्रश्न कठीण आहे, कारण त्याचं उत्तर वागणुकीतून द्यावं लागतं. ते चाळीस हजार पत्ते आले कुठून, हे आधी विचार. वर्गणीदार आणि वेबसाइटवर स्वतः नाव नोंदवलेले ठेव. पुस्तक प्रदर्शनातल्या वहीत लिहून घेतलेल्या पत्त्यांत 'जीमेल'चं स्पेलिंग चुकलेले निघतील, ते तपासून घे. चुकीच्या स्पेलिंगची काही डोमेन आणि वर्षानुवर्षं बंद पडलेले काही पत्ते मुद्दाम सापळा म्हणून चालू ठेवलेले असतात. तिथे मेल गेला की नाव काळ्या यादीत जायला वेळ लागत नाही. विकत घेतलेली यादी असेल तर ती सरळ टाकून दे. आणि यापुढे नाव नोंदवणाऱ्याला आधी एक खात्रीचा मेल पाठव. त्यातल्या दुव्यावर त्याने क्लिक केलं तरच त्याला यादीत घे.

मग श्रावणातच सुरुवात कर. नव्या दुकानदाराला घाऊक व्यापारी पहिल्याच दिवशी लाखाची उधारी देत नाही, तसंच हे आहे. पहिल्यांदा गेल्या वर्षी अंक घेतलेले काहीशे वाचक घे, काही दिवसांनी त्याच्या दुप्पट, मग आणखी. बाउन्स, म्हणजे मेल न पोचल्याचे परत आलेले निरोप, रोज वाच. त्यांत ४२१ हा कोड दिसला तर सर्व्हर 'आत्ता नको, नंतर ये' म्हणतोय; वेग कमी कर. ५५० आणि पुढे ५.१.१ दिसलं तर तो पत्ता अस्तित्वातच नाही. त्याच दिवशी काढ. पावत्या एका सबडोमेनवरून आणि जाहिराती दुसऱ्यावरून पाठव, म्हणजे एकीची झळ दुसरीला कमी लागेल.

गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये स्पॅमच्या तक्रारींचं प्रमाण दिसतं. ते ०.१० टक्क्याच्या खाली ठेवायचं आणि ०.३० टक्क्याला कधीही पोचू द्यायचं नाही. म्हणजे इनबॉक्समध्ये पोचलेल्या दर हजार मेलमागे एक तक्रार ही सीमा आणि तीन हा धोका. पण आकडा फार कमी दिसला म्हणून निर्धास्त राहू नकोस. मेल आधीच स्पॅममध्ये पडत असतील तर तक्रार करणार कोण? 'किती जणांनी उघडला' यावरही विसंबू नकोस. २०२१पासून ॲपलचं मेल ॲप वाचकाने न उघडताही मेलमधली चित्रं आधीच उतरवून ठेवू शकतं. क्लिक, उत्तरं आणि खरेदी मोज.

नाव काढून घेण्याचा दुवा ठळक ठेव. घाऊक जाहिरातींना एका क्लिकची सोय आता सक्तीची आहे, आणि मागणी आल्यावर दोन दिवसांत नाव काढावं लागतं. संमती देण्याइतकंच ती मागे घेणंही सोपं असावं, हे तत्त्व आपल्याकडच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही आहे. दुवा सापडला नाही की वाचकाचा हात स्पॅमच्या बटणाकडे जातो. निघून जाणारा वाचक तुमचं नुकसान करत नाही, अडकवून ठेवलेला करतो.

आणि मजकूर लिहून पाठव. श्रीलिपी फॉन्टमध्ये केलेलं पोस्टर चित्र म्हणून चिकटवलं, की चित्र बंद ठेवणाऱ्याला कोरा मेल दिसतो. युनिकोडमध्ये चार ओळी लिही: अंकात कोण लिहितंय, किंमत किती, कुठे मिळेल. उत्तर देता येईल असा पत्ता दे आणि आलेल्या उत्तरांना स्वतः उत्तर लिही.

तुझे साहेब आकडा मागतील. त्यांना सांग, की ज्यांनी आपल्याला बोलावलंय असे आठ हजार वाचक चाळीस हजार अनोळखी पत्त्यांपेक्षा जास्त अंक घेतील. त्यांना पटेपर्यंत सांगत राहा. यादी परत जमवता येते, डोमेनचं गेलेलं नाव परत मिळवायला महिने जातात. ते नाव आता तुझ्या हाती दिलंय, ते सांभाळ.

तुझी,
आत्या