गोलाला भुलू नकोस

अगं, एम.एस्सी.च्या सेमिनारला केक्युलीन घेते आहेस ना, छान विषय निवडलास. पण एक सांगू? हा रेणू दिसायलाच इतका देखणा आहे की माणूस बघतच राहतो आणि विचारायचे ते प्रश्न विचारायचेच राहून जातात. बेंझिनच्या बारा रिंगा एकमेकींना चिकटून गोल कडं झालेलं, मध्ये मोकळी जागा. स्लाइड पडद्यावर आली की सगळे वा वा म्हणतील. मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारेल, "हा स्थिर कशामुळे?" तू म्हणशील, "सर, इलेक्ट्रॉन संपूर्ण कड्यावर पसरलेत." तिथेच फसशील बघ.

म्हणून आधी कागद घे आणि इलेक्ट्रॉनांचा हिशेब मांड. ४८ कार्बन, २४ हायड्रोजन, म्हणजे पाय इलेक्ट्रॉन ४८. आता गंमत बघ. आतल्या कडेने कार्बन मोज, १८ भरतात. बाहेरच्या कडेने मोज, ३० भरतात. दोन्ही आकडे हकेलच्या ४एन+२ मध्ये चपखल बसतात. म्हणजे एकात एक असे दोन ॲन्युलीन, दोघंही ॲरोमॅटिक! कुणालाही मोह पडेल असंच आहे हे. या कल्पनेला सुपरॲरोमॅटिसिटी म्हणतात.

पण तेच ४८ दुसऱ्या पद्धतीनेही वाटता येतात. एरिक क्लारने १९७२च्या पुस्तकात सांगितलेला नियम आठव: ज्या मांडणीत सुटे सेक्स्टेट, म्हणजे सहा-सहा पाय इलेक्ट्रॉनांच्या बेंझिनसारख्या रिंगा, जास्तीत जास्त बसतात, ती रेणूचं खरं रूप जास्त नीट दाखवते. केक्युलीनला सहा कोपरे आणि सहा बाजू. प्रत्येक बाजूच्या मधल्या रिंगेत एकेक सेक्स्टेट ठेव, ३६ इलेक्ट्रॉन संपले. उरलेले १२ म्हणजे सहा दुहेरी बंध, प्रत्येक कोपऱ्याच्या बाहेरच्या अंगाला एक. हिशेब पुरा. आता उलटं करून बघ, सेक्स्टेट कोपऱ्यांत ठेव. बाजूच्या रिंगांत आत एक आणि बाहेर एक असे कार्बन एकटे पडतात, त्यांना जोडीदारच मिळत नाही. म्हणजे सहा सेक्स्टेटची मांडणी एकच आहे. भोंडल्यात सगळ्याजणींचा एक मोठा फेर धरायचा की सहा-सहाजणींचे छोटे फेर, असा हा प्रश्न आहे. केक्युलीनने काय निवडलं, ते तोंडाने सांगू नकोस, पुराव्याने दाखव.

पुरावा मिळायला रेणू हातात यावा लागला. तो १९७८ साली जर्मनीत हायडेलबर्गला श्टाब आणि डीडरिश यांनी तयार केला. पिवळसर पदार्थ, आणि कशात विरघळायचं नाव नाही. एनएमआर काढायला ड्युटेरियमवालं टेट्राक्लोरोबेंझिन दीडशे अंशांच्या वर तापवावं लागलं. एवढा खटाटोप कशासाठी, तर आतल्या सहा प्रोटॉनांसाठी. १८-ॲन्युलीन थंड करून बघितलं तर त्याचे आतले प्रोटॉन उणे ३ पीपीएमच्या आसपास येतात, कारण मोठ्या कड्यातला रिंग करंट त्यांना झाकतो. केक्युलीनमध्येही तसाच मोठा प्रवाह असता तर आतले प्रोटॉन अपफील्ड, म्हणजे कमी पीपीएमकडे, सरकायला हवे होते. ते आले १०.४५ला! म्हणजे त्यांच्यावर राज्य चालतं ते शेजारच्या छोट्या बेंझिन रिंगांचं. पुढच्याच वर्षी एक्स-रे रचनेतही तेच दिसलं: एकाआड एक रिंगा बेंझिनसारख्या, आणि कोपऱ्यांवरचे बंध आखूड, जवळजवळ साध्या दुहेरी बंधासारखे. २०१९मध्ये स्पेनच्या पेन्या आणि झुरिकच्या ग्रोस यांच्या गटांनी एकेका रेणूचं ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपने चित्र घेतलं, तेही क्लारच्याच बाजूने बोललं.

हे तुला अगदी अनोळखी नाही बरं का. फिनॅन्थ्रिनच्या ९-१० जागी ब्रोमीन का चढतं, हे तू बी.एस्सी.ला शिकलीस. दोन बाजूंना दोन सेक्स्टेट राखले की मधला बंध नुसता दुहेरी उरतो. केक्युलीनच्या प्रत्येक कोपऱ्यावर तीच गोष्ट. आणि अँथ्रासिनमध्ये रिंगा तितक्याच, पण सेक्स्टेट एकच, म्हणून ते फिनॅन्थ्रिनपेक्षा कमी स्थिर.

इलेक्ट्रॉनिक रचनेवर प्रश्न येणारच, तेव्हा रंग पुढे कर. पेंटासीनमध्ये रिंगा पाचच, सरळ ओळीत, सेक्स्टेट एक. रंग गडद निळा, हवा आणि उजेड लागला की खराब होतं. केक्युलीनमध्ये बारा रिंगा असूनही रंग पिवळसरच, कारण होमो आणि लुमोमधलं अंतर मोठं राहिलंय. रेणू मोठा झाला की अंतर कमी होतंच, असं पाठ केलं असशील तर ते आजच विसर. सेक्स्टेट किती बसतात ते आधी बघायचं.

आणखी एक. संगणकी प्रोग्रॅममधून एनआयसीएसचा, म्हणजे एखाद्या जागी चुंबकीय झाकण किती ते सांगणारा, एक आकडा काढून "हे बघा, ॲरोमॅटिक" असं म्हणू नकोस. कड्याच्या मध्यभागी घेतलेला आकडा आणि एखाद्या रिंगेत घेतलेला आकडा वेगळं काही सांगतात. कुठे मोजलं ते आधी सांगायचं, मग अर्थ लावायचा.

सेमिनारच्या आदल्या रात्री स्लाइडचे रंग बदलत बसू नकोस. त्याऐवजी कोरोनीन काढ. सात रिंगा, २४ इलेक्ट्रॉन. सेक्स्टेट तीन बसतील, पण दोन वेगवेगळ्या पद्धतींनी. केक्युलीनला ती मुभा नाही. या एका फरकाने दोघांच्या बंधांच्या लांबीत काय बदलेल, ते माझ्याशी बोलण्याआधी स्वतः लिहून काढ. ते जमलं तर मागच्या बाकावरचा कुठलाही प्रश्न तुला जड जाणार नाही.