आधी भांडण ओळख

पोरी, तू मालेगावच्या कोर्टात जायला लागलीस हे तुझ्या आईकडून कळलं. २० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं कनिष्ठ स्तराच्या न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली, तेव्हा तू फोनवर रडकुंडीला आली होतीस. त्या पीठावर आपल्या अमरावतीचेच भूषण गवई होते, याचंही तुला त्या दिवशी काही वाटलं नाही. ‘तीन वर्षं वाया गेली मामा’, असं म्हणालीस. मला तसं वाटत नाही. मी आयुष्यभर दिवाणी-फौजदारीच्या खुर्चीवर बसलो. क्लासच्या नोट्स पाठ करून आलेला आणि कोर्टात बसून शिकलेला, यांतला फरक पहिल्या महिन्यातच दिसतो.

आमच्या सीनियरनी मला दिलेला कानमंत्र तुला देतो. रोज एक जुनी फाइल माग. वादपत्र वाच, कैफियत वाच, आणि तिथंच थांब. न्यायाधीशांनी काढलेले मुद्दे बघू नकोस. कोरा कागद घेऊन स्वतः मुद्दे काढ. वादी काय म्हणतो, प्रतिवादी त्यातलं काय नाकारतो, आणि जे नाकारलं ते कोणी शाबीत करायचं? मग फाइलमधले मुद्दे काढून ताडून बघ. सुरुवातीला तुझे दहा निघतील आणि कोर्टाचे चार. तुझे पाच होतील त्या दिवशी मला फोन कर. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १४ असाच अंगी मुरतो, आणि पेपर लिहायला दुसरं काही इतकं उपयोगी पडत नाही. प्रश्नपत्रिकेत दिलेली हकीकत म्हणजे एक छोटी फाइलच असते.

तू शिरपूरची आहेस. दिवाणी संहितेचं एक अख्खं पुस्तक तुझ्या गावच्या मध्यावर उभं आहे. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरात दर्शनाला कितीदा गेलीस, पण वकील म्हणून एकदा त्याच्याकडे बघ. श्वेतांबर आणि दिगंबर अशा दोन पंथांनी १९०५ मध्ये पूजेच्या वेळा वाटून घेतल्या. तरी वाद मिटला नाही आणि १९१० मध्ये अकोल्याला दावा पडला. वाशीम जिल्हा १९९८ मध्ये झाला, तोवर आपण अकोल्याचेच. तिथं १९१८ मध्ये निकाल लागला. नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरच्या कोर्टात १९२३ मध्ये अपिलाचा निकाल झाला. प्रकरण पुढं थेट लंडनला गेलं आणि १९२९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं दिगंबरांचं अपील फेटाळलं. व्यवस्थापन श्वेतांबरांकडे राहिलं आणि दिगंबरांची पूजा १९०५ च्या वेळापत्रकाप्रमाणं. नंतर वाद पुन्हा पेटला, १९८१ पासून दाराला कुलूप पडलं. लोकांनी झरोक्यातून दर्शन घेतलं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर ते दार उघडलं.

कोणाची बाजू खरी हे मी तुला सांगणार नाही. गावात दोन्हीकडची माणसं माझ्या ओसरीवर बसलेली आहेत. पण यातला कायदा बघ. पूजेचं भांडण दिवाणी कोर्ट ऐकेल का? कलम ९ चं स्पष्टीकरण वाच : मालमत्तेचा किंवा पदाचा हक्क वादात असेल तर दावा दिवाणीच, तो हक्क पूर्णपणे धार्मिक विधींवर अवलंबून असला तरी. काही लोकांनी अख्ख्या पंथाच्या वतीनं दावा कसा लावायचा? आदेश १, नियम ८. त्या निकालानं जे पक्षकार नव्हते तेही बांधले जातात का? कलम ११, स्पष्टीकरण ६. पन्नास वर्षांनी तोच वाद नव्या दाव्यात आणता येईल का? तेच कलम ११, रेस ज्युडिकाटा. आणि १९०५ ची वाटणी हा करार म्हणायचा की नुसती सोय? ही कलमं तू रट्टा मारून पाठ करतेस, म्हणून आठवड्यात विसरतेस. त्या दाराशी उभी राहून एकदा वाच, मग विसरणार नाहीस.

आता उत्तराचं. तू पाठवलेला सराव पेपर मी वाचला. प्रश्न इसारचिठ्ठीचा होता. शेत घेणाऱ्यानं इसार दिला, खरेदीची तारीख ठरली, त्या तारखेला तो आलाच नाही, आणि दोन वर्षांनी करारपूर्तीचा दावा घेऊन आला. तू काय केलंस? विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाचा इतिहास लिहिलास, २०१८ च्या दुरुस्तीनं कलम १० कसं बदललं ते दीड पानभर लिहिलंस. सगळं बरोबर. पण भांडण तिथं नव्हतंच. तीन वर्षांच्या मुदतीत दावा आहे, हे एका ओळीत सांगून पुढं जायचं होतं. भांडण एवढंच, की घेणारा स्वतः तयार आणि राजी होता का. म्हणजे कलम १६ (क). ते वादपत्रात नुसतं म्हणून भागत नाही, पुराव्यानं दाखवावं लागतं. ठरल्या तारखेला त्याच्याकडे पैसे होते का, त्यानं नोटीस दिली का, मुद्रांक घेतला का, हे हकीकतीतून वेचून लिहायचं होतं. ते तू शेवटच्या तीन ओळींत उरकलंस. तपासणारा तिथंच थांबतो.

म्हणून आधी समासात पेन्सिलीनं एक वाक्य लिही : ‘वाद एवढाच की…’ ते वाक्य पुरं होईपर्यंत उत्तराला हात लावू नकोस. पाच मिनिटं गेली तरी चालतील. मग मुद्दा, कलम, हकीकतीला ते कसं लागतं, आणि शेवटी स्पष्ट निष्कर्ष. ‘असं म्हणता येईल’ असं लिहू नकोस. दावा मंजूर की नामंजूर, ते सांग. न्यायाधीश व्हायला निघालीस ना?

फौजदारीत सध्या सगळ्यांचा गोंधळ आकड्यांचा आहे. १ जुलै २०२४ पासून तिन्ही फौजदारी कायदे नवे झाले. ३०२ चं १०३ झालं, ४२० चं ३१८ (४). कोष्टक भिंतीवर लाव, पण त्याआधी प्रश्नातल्या तारखेखाली रेघ मार. घटना ३० जून २०२४ ची असेल तर गुन्हा जुन्या दंड संहितेचा. फिर्याद १ जुलैला किंवा नंतर नोंदली गेली तर तपासाची वाट नव्या संहितेची. एवढ्या एका तारखेवर अर्धा प्रश्न बेतलेला असू शकतो.

आणि शब्द तोलायला शीक. समज, आरोपी पोलिसांच्या ताब्यात म्हणतो, ‘ज्या कुऱ्हाडीनं मी भावाला मारलं ती धुऱ्यावर गाडली आहे, काढून देतो.’ यातलं पुराव्यात काय येईल? ‘ती धुऱ्यावर गाडली आहे, काढून देतो’ एवढंच, आणि तेही त्यानं दाखवलेल्या जागी कुऱ्हाड निघाली तरच. ‘भावाला मारलं’ हे येणार नाही. जुनं कलम २७ आता नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ च्या परंतुकात आहे, आणि प्रिव्ही कौन्सिलचा पुलुकुरी कोट्टय्या खटल्यातला निकाल अजून तोच रस्ता दाखवतो. एक वाक्य असं मधोमध चिरता आलं की पुराव्याचा अर्धा पेपर तुझा.

वेळेचं मी भोगून सांगतो. पहिल्या खेपेला मी नापास झालो. पहिला प्रश्न फार आवडीचा होता, त्यावर सव्वा तास घालवला. शेवटचे दोन प्रश्न कोरे राहिले, त्यांतला एक धुऱ्याच्या वादाचा होता, जो मी झोपेतही लिहिला असता. घरी येऊन वडिलांना सांगायला दोन दिवस लागले. आता मुख्य परीक्षेचे दोन पेपर, शंभर गुणांचे, तीन तासांचे. गुणांना मिनिटं वाटून घे आणि वेळ झाली की अर्ध्या वाक्यावरही पुढं जा. रोज एक तास पेनानंच लिही. तिसऱ्या तासाला अक्षर सुटतं ते हाताला सवय नसल्यामुळं.

बेअर ॲक्ट सोडून दुसरं जाड पुस्तक परीक्षेआधी दोन महिने उघडू नकोस. निबंधासाठी एकच वर्तमानपत्र पुरे.

उद्या एक काम कर. मंदिराच्या वादाचे जेवढे टप्पे वर लिहिलेत, त्यावरून स्वतःच प्रश्न तयार कर : १९२९ च्या निकालाला पन्नास वर्षं झाल्यावर एका पंथाच्या चार माणसांनी व्यवस्थापनाचा नवा दावा लावला, तो चालेल का? चाळीस मिनिटं, चार पानं. ‘वाद एवढाच की…’ ही पेन्सिलीची ओळ खोडू नकोस, मला ती आधी बघायची आहे. रविवारी सकाळी ये, ऊन चढायच्या आत.