गंजलेल्या खिळ्यांची साक्ष

पावसाळ्यात परसात विसरून राहिलेला विळा चार दिवसांनी हाती घ्यावा, तो त्याच्या पात्यावर तांबूस थर चढलेला दिसतो. बोट फिरविले, की त्याची भुकटी हाताला लागते. हाच गंज होय. लोखंडाला हवेतील प्राणवायू आणि पाणी या दोहोंचा संसर्ग झाला, की गंज तयार होतो. कोरड्या हवेत लोखंड सहसा गंजत नाही. गंजाचा थर भुसभुशीत असतो. त्यातून हवा व ओलावा आत शिरतात आणि गंज अधिकाधिक खोल जातो. ॲल्युमिनिअमवर बसणारा थर मात्र घट्ट असतो. तो आतील धातूला सांभाळतो.

गंज नेहमी एकाच रीतीने चढतो असे नाही. उघड्यावर पडलेल्या पत्र्यावर तो सर्वत्र पसरतो. कधी, विशेषतः खाऱ्या पाण्यात, एखाद्याच ठिकाणी बारीक खळगा पडतो व तो आत आत उतरतो. वरून वस्तू धड दिसते, पण एके दिवशी तिला आरपार भोक पडते. तिसरा प्रकार याहून विलक्षण आहे. त्याची ओळख इंग्लंडच्या आरमाराला एका गलबताने करून दिली.

त्या काळी गलबते लाकडाची असत. उष्ण समुद्रातील किडे त्यांचे तळ पोखरून टाकीत. यावर उपाय म्हणून १७६१ साली ‘अलार्म’ नावाच्या लढाऊ गलबताच्या तळाला तांब्याचे पातळ पत्रे ठोकण्यात आले. हे गलबत वेस्ट इंडीज बेटांकडे जाऊन आले आणि १७६३ साली त्याची तपासणी झाली. पत्र्याखालचे लाकूड किड्यांपासून बचावले होते. परंतु पत्रे जागोजाग सुटले होते. ते ज्या लोखंडी खिळ्यांनी ठोकले होते, ते खिळेच गंजून गेले होते! आश्चर्य असे, की काही खिळे मात्र चांगले शाबूत होते. बारकाईने पाहता त्याचे कारण आढळले. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, त्या कागदाचे तुकडे या खिळ्यांच्या माथ्यांखाली राहून गेले होते. त्यामुळे त्यांचा तांब्याला स्पर्शच झाला नव्हता. समुद्राच्या पाण्यात लोखंड आणि तांबे एकमेकांस लागू देऊ नयेत, हा धडा तपासनिसांनी घेतला. गलबताच्या फळ्या सांधणारे बोल्टही लोखंडीच असत. ते असेच झिजते, तर भर समुद्रात खलाशांच्या प्राणांवर बेतले असते. पुढे आरमाराने लोखंडाऐवजी तांबेमिश्रित धातूचे बोल्ट वापरले.

असे का घडते, हे त्या वेळी कोणास सांगता आले नाही. १८०० साली व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने दाखविले, की दोन भिन्न धातूंमध्ये मिठाचे पाणी असले म्हणजे वीज उत्पन्न होते. गलबताच्या तळाशीही हेच चालले होते. अशा वेळी अधिक क्रियाशील धातू झिजतो व दुसरा वाचतो. लोखंड झिजत होते, तांबे वाचत होते.

हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ साली याच नियमाचा उपयोग करून घेतला. त्यांनी गलबताच्या तांब्याला मुद्दाम लोखंडाचे व जस्ताचे तुकडे जोडले. ते तुकडे झिजू लागले आणि तांबे सुरक्षित राहिले. आजही पोलादी जहाजांच्या तळाला जस्ताचे ठोकळे बसवितात. ते स्वतः झिजतात व जहाजाला वाचवितात.

गंजावरील इतर उपायही कारण ओळखूनच योजलेले आहेत. रंग, तेल व वंगण हवेला आणि ओलाव्याला अडवितात. पोलादात क्रोमिअम मिसळले, की त्यावर घट्ट थर बसतो. स्टेनलेस स्टील ते हेच. लोखंडी डब्यावर कथिलाचा मुलामा असतो. त्यावर ओरखडा उमटला, तर तेथील लोखंड अधिकच लवकर गंजते. छपराच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. त्यावर ओरखडा उमटला, तरी जस्त स्वतः झिजून लोखंडाला राखते.

जाणता शेतकरी काम आटोपले, की विळा पुसून कोरडा करतो, त्यावर तेलाचा हात फिरवितो आणि मगच तो आढ्याला खोचून ठेवतो. जहाजाचा तळ काय किंवा विळ्याचे पाते काय, गंजाची वाट ज्याला ठाऊक असते, त्यालाच ती अडविता येते.